आत्या शेवट वाचेना

फ्रीज बंद केला की घर पाण्याखाली गेल्यासारखं व्हायचं. आधी त्याची घुरघुर थांबायची. मग बाबा पंख्याचं बटण दाबायचे, पाती दमत दमत थांबायची. मग वहिनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून, टॉवेलात गुंडाळून, लेकराला निजवावं तसं आतल्या खोलीत ठेवून यायची. आणि मग जी शांतता यायची ना, ती अक्षरशः अंगावर ओढून घ्यावी अशी! खालच्या सुताराचं दुकान रविवारी बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. पडद्यातून गाळून आलेलं ऊन जमिनीवर मधासारखं पसरलेलं, आणि घरातली सगळी माणसं जिथं जागा मिळेल तिथं आडवी. कारण बसलं की खुर्ची करकरते आणि उभं राहिलं की गुडघे करकरतात. म्हणजे बाबांचे.

अशी दुपार असली की समजायचं, आत्या कपाटात आहे.

कपाट म्हणजे दादा-वहिनीच्या खोलीतलं ते भलंमोठं कपडे टांगायचं कपाट. त्यातले कपडे बाहेर आणि रजया आत. तिन्ही बाजूंना रजया, वरून एक जाड रजई, मध्ये एक छोटा दिवा, एक माइक, आणि स्टुलावर आत्या, मांडीवर दादाच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे धाकटीच्या, नव्या कादंबरीची पानं घेऊन. कपाटाबाहेर दादा जमिनीवर, कानाला हेडफोन. आत्यानं सगळी नोकरी बोटीच्या धक्क्यावर निवेदिका म्हणून काढलेली. कुठली बोट सुटतेय, कुठली धुक्यात अडकलीय, कुणाचं मूल चुकून तिकिटाच्या खिडकीपाशी येऊन रडतंय, हे सगळं तिनं सांगायचं. आणि आवाज तर असा, की हरवलेल्या छत्रीबद्दल बोलायला लागली तरी ज्यांची छत्री हातात आहे त्यांचाही जीव गलबलायचा.

निवृत्त झाल्यापासून ती धाकटीच्या प्रेमकथा वाचायची. ऐकायच्या पुस्तकांसाठी. आज सातव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं. उद्या सकाळी पुस्तक बाहेर पडणार होतं, लोक वाट बघत होते, आईकडे तर ‘आलं का?’ म्हणून विचारणाऱ्या बायकांची रांग लागली होती.

धाकटी दाराशी उशी घेऊन पडली होती आणि छताकडे बघत आपलीच वाक्यं ऐकत होती. रजईतून गाळून येणारा आत्याचा आवाज म्हणजे लांबून, पाण्यावरून येणारं गाणं. आपण लिहिलेलं इतकं सुंदर असतं का, असं तिला दर वेळी वाटायचं. आणि दर वेळी त्याच्या पाठोपाठ एक बारीकशी टोचणीही लागायची.

तेवढ्यात आवाज थांबला. कपाटाचं दार आतून उघडलं.

“झालं एवढ्यात?” दादा कुजबुजला. माइक सुरू असला की हे घर कुजबुजतच बोलायचं.

“नाही झालं,” आत्या म्हणाली. चष्मा कपाळावर, केसांना रजईचा कापूस. “हे मी वाचणार नाही.”

“घसा बसला?”

“घसा ठणठणीत आहे. शेवट मी वाचणार नाही.”

धाकटी उठून बसली. आडव्या पडलेल्या सगळ्यांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या, मग आत्याकडे, मग परत तिच्याकडे.

“का?” धाकटीनं विचारलं.

“तो बोटीवर चढतो आणि जातो. ही उभी राहते. बोट जाते. ही घरी येऊन व्हायोलिनला तारा लावत बसते.” आत्यानं पानं हलवली. “संपलं! अगं, मी पान उलटून बघितलं, चिकटलंय की काय म्हणून.”

“चिकटलेलं नाहीये. तो शेवटच आहे.”

“असा?”

“असाच.”

आई कोपऱ्यातून हळूच सरकत पुढे आली. आई म्हणजे या घरच्या प्रकाशनाचा सगळा कारभार. पार्सलं तिनं बांधायची, वाचकांना उत्तरं तिनं द्यायची, रुसलेल्या वाचकांना फोनवर समजवायचं तिनंच. तिनं धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुजबुजली, “शेवटी ती दोघं भेटत नाहीत? हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“तू वाचलं नाहीस?”

“मी शेवट कधीच आधी वाचत नाही. मी वन्संच्या तोंडून ऐकते.” आईनं आत्याकडे बघितलं. “वन्सं, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. लोक दिवसभर राबून, अंधार करून, कानात घालून झोपतात हे. त्यांना काय सांगायचं, गेला म्हणून?”

“हो! गेला म्हणून!” धाकटीचा आवाज चढला. दादानं तोंडावर बोट ठेवलं, तशी ती परत कुजबुजीवर आली. “माणसं जातात ना आई? आणि मागं राहणारं माणूस काही लगेच मोडत नाही. तिला तिचं काम आवडतं. वाद्यं दुरुस्त करायला आवडतं. त्याच्यावर जीव आहे तिचा, पण बोटीवर जाऊन ती काय करणार? तो खलाशांना जेवण रांधणार आणि ही काय, बटाटे सोलणार?”

“मी सोलले असते,” बाबा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा हो,” आई म्हणाली.

वहिनी आतापर्यंत धाकटीच्या बाजूला होती, म्हणजे अगदी शब्दशः, तिला टेकून. मुखपृष्ठं तीच काढायची. “मला तर आवडला शेवट,” ती म्हणाली. “नवीन आहे. सारखं सारखं काय ते मिठी मारून संपवायचं?” मग एकदम तिचे डोळे मोठे झाले. “थांबा. पण मुखपृष्ठावर मी दोघांना एका छत्रीखाली काढलंय. हसताना!”

“ते मधल्या प्रकरणातलं आहे,” धाकटी म्हणाली.

“लोकांना ते शेवटचं वाटणार. मी फसवलं म्हणणार.” वहिनी टेकली होती ती जरा सरळ झाली. दोन बोटं अंतर पडलं फक्त, पण धाकटीला ते चांगलंच जाणवलं.

झालं! ज्या घरात सहा पुस्तकं एकदिलानं निघाली, तिथं सातव्याला घोडं अडलं ते असं. तीन जणी एकीकडे, धाकटी एकटी एकीकडे, दादा हेडफोन गळ्यात घालून मधोमध, आणि बाबा फ्रीजकडे बघत.

ऐका, धाकटीची गोष्ट काही साधी नाही. पहिली कादंबरी तिनं दातांच्या दवाखान्यात नोकरीला असताना, बाहेरच्या टेबलापाशी बसून लिहिली होती. आत डॉक्टरांचं ड्रिल सुरू झालं की इकडे नायक नायिकेचा हात हातात घ्यायचा, आणि आतून कुणी ओरडलं की नेमका विरह! प्रकाशकांकडे पाठवून पाठवून पाय दुखले. एकानं कळवलं, प्रेमकथा आता कोण वाचतं? बाकीच्यांनी तेवढंही कळवलं नाही. मग तिनं स्वतःच छापली. ती इतकी खपली, इतकी खपली, की बाबांचा पलंग अजून तिच्याच खोक्यांवर उभा आहे. बाबा म्हणायचे, कंबरेला उंची छान आहे.

दुसरी कादंबरी मात्र दवाखान्यातच चालली. गाल सुजलेली माणसं ती वाचत बसायची, आणि दात बरा झाला तरी पुढचं वाचायला यायची. डॉक्टर म्हणाले, बाई, हा दवाखाना आहे, वाचनालय नाही. पण तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की सुजलेल्या गालांना वाचण्यापेक्षा ऐकणं बरं. आणि आत्या घरात रिकामीच होती.

तिसऱ्या कादंबरीपासून धाकटीचं नशीब फिरलं. लोक वेडे झाले. दवाखाना सुटला, नाव झालं, चौथी, पाचवी, सहावी. पण त्या तिसरीचं जे काही होतं, त्याबद्दल घरात कुणी कधी बोलायचं नाही. सगळे मूग गिळून.

आणि आज आईनं ते बोलून टाकलं. कुजबुजत नाही, चक्क मोठ्यानं.

“तिसऱ्याचा शेवटसुद्धा तू असाच केला होतास. वन्संनी सावरला म्हणून आज आपण इथं आहोत!”

उन्हाचा पट्टा सरकून आत्याच्या पायावर आला होता. बाबांनी डोळे मिटले.

झालं होतं असं. तिसऱ्या कादंबरीचा शेवट आत्या कपाटात बसून वाचत होती आणि बाहेर हे सगळं कुटुंब गाढ झोपलं होतं. खरंच! पंखा बंद, फ्रीज बंद, दुपार, आणि असला आवाज. कुणाचे डोळे उघडे राहतील? दादासुद्धा हेडफोन लावूनच घोरत होता. आणि लिहिलेला मजकूर संपल्यावर आत्याच्या तोंडून आपोआप पुढचं निघून गेलं. नायिका मागे वळली, धक्क्यावर तो उभाच होता. “बोट चुकली,” तो म्हणाला. “मुद्दाम चुकवली.” एवढंच. कुणी जागं नव्हतं, कुणी परत ऐकलं नाही, पुस्तक तसंच बाहेर गेलं. धाकटीला कळलं ते अनोळखी बायकांकडून. ‘मुद्दाम चुकवली’ ऐकून मी रडले, नवऱ्याला फोन केला, हे वाक्य कपांवर छापून घेतलं. ती आपली बघतच बसली, की हे मी कधी लिहिलं?

आणि मग छापील आवृत्तीत तिनं ते गुपचूप घातलं. आपल्या नावावर.

“बरोबर आहे,” धाकटी म्हणाली. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही. सगळं अंग हलकं झाल्यासारखं वाटलं, खूप दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं. “ते आत्याचं वाक्य आहे. चौथ्या पुस्तकापासून मी तेच लिहितेय, फिरवून फिरवून. कुणी बोट चुकवतो, कुणी विमान चुकवतो, पाचव्यात तर त्यानं स्वतःचंच लग्न चुकवलं. लोक मला भेटतात आणि तुझ्या वाक्याबद्दल बोलतात, आत्या. मी मान हलवते. मला कळतच नाही की मला लिहिता येतं की नाही.”

“काहीतरीच,” दादा म्हणाला. “सहा पुस्तकं कुणी लिहिली, मी?”

“सहा पुस्तकं लिहिली. एक शेवट लिहायचाय. माझा. आवडला नाही तर नाही आवडला, पण कळेल तरी.”

आत्या कपाटाच्या उंबऱ्यावर पाय बाहेर सोडून बसली. पाठीमागे छोटा दिवा, कडेनं रजया. एखाद्या गुहेतून बाहेर आल्यासारखी दिसत होती.

“तुम्हा सगळ्यांना वाटतं ना, माझं कुणीतरी बोटीनं निघून गेलं म्हणून?”

आईनं वहिनीकडे बघितलं.

“तो कप्तान,” आई हळूच म्हणाली. “पांढऱ्या हातमोज्यांचा.”

“तो? तो सारखा शिंकायचा ग! आला की मी माइक पुसायची.” आत्या हसली, आणि मग हसू ओसरलं. “माझं कुणी गेलं नाही. पण ‘बोट उशिरा येईल’ हे सांगणं वेगळं असतं. लोक वैतागतात, चहा पितात, भांडतात, त्यात काही नसतं. ‘आज बोट येणार नाही’ म्हटलं ना, की सगळ्यांची तोंडं खांबावरच्या भोंग्याकडे वळायची. मी काचेमागून बघायची. एक बाई एकदा त्या भोंग्याला म्हणाली, ‘असं कसं?’ भोंग्याला! नवीन ब्लाउज घालून आली होती बिचारी. आणि मला पुढचं वाक्य नाही. दोनदा सांगायचं आणि बटण बंद करायचं, तसाच नियम. इतकी वर्षं मला पुढचं वाक्य नव्हतं. त्या दिवशी कपाटात अंधार होता, समोर कुणी नव्हतं, आणि ते आलं तोंडात.”

बाबा उठून बसले. गुडघे वाजले, पण कुणी काही म्हटलं नाही. “ताई,” ते म्हणाले, “मग हिला तिचं वाक्य बोलू दे की.”

“बोलू दे ना, मी कुठं तोंड दाबतेय? मी वाचणार नाही एवढंच. तोंडी आलं तर मी परत काहीतरी घालीन. मला माझी खात्री नाही.”

“मग कोण वाचणार?” वहिनीनं विचारलं. “उद्या सकाळी जायचंय.”

धाकटी आधीच उभी राहिली होती.

“तू?” आई म्हणाली. “तू तर फोनवरसुद्धा अडखळतेस!”

“अडखळेन.”

आईनं दादाकडे बघितलं, आता तूच काहीतरी सांग अशा नजरेनं. दादानं हेडफोन परत कानावर चढवला. “माइक जरा खाली ओढून घे,” तो धाकटीला म्हणाला. “आत्या उंच आहे, तुला तो वर पडेल.”

आत कपाटात आत्याची ऊब अजून तशीच होती. रजयांचा वास, दिव्याचा छोटा पिवळा गोल, आणि दार लावल्यावर जग एवढंच उरलं: मांडीवर पानं आणि कानात स्वतःचं हृदय, सुताराच्या हातोडीसारखं. इथं बसून ही बाई इतकी वर्षं माझ्या मनातलं बोलत होती, धाकटीला वाटलं. आणि मी बाहेर, उशीवर.

तिनं वाचायला सुरुवात केली.

पहिला परिच्छेद म्हणजे नुसती फजिती. जीभ दातांत अडकली, श्वास भलत्याच जागी घेतला, ‘खलाशी’ म्हणताना तर तिचं तिलाच हसू आलं. ती थांबली, परत घेतलं. आवाज बारीक होता, घाईचा, सुंदर वगैरे अजिबात नाही. पण हळूहळू एक गंमत व्हायला लागली. वाक्यं तिला उलट बोलायला लागली. आत्याच्या आवाजात सगळीच छान वाटायची. इथं मात्र एखादं जड लागायचं, एखादं आपणहून पुढे पळायचं. व्हायोलिनवाली बाई तिला दिसत होती. मुखपृष्ठावरची नाही, खरी, नखांत सरस अडकलेली. तो बोटीवर चढला. त्यानं वळून बघितलं. ती हात हलवत नव्हती, कारण हातात त्याची पिशवी होती, द्यायची राहून गेलेली, आणि मग तिनं ती फेकली, आणि त्यानं झेलली, आणि दोघं हसली.

त्याच्या पुढं एक वाक्य होतं. ‘तिच्या डोळ्यांतला समुद्र आता तिच्यापुरताच उरला होता.’ लिहिलं त्या दिवशी तिनं ते स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं होतं, इतकं आवडलेलं. आता ओठांवर आलं आणि पुढे सरकेना. डोळ्यांत कसला समुद्र? तिच्या डोळ्यांत ऊन होतं, ती डोळे बारीक करून बघत होती.

धाकटीनं ते वाक्य सोडून दिलं. बोट निघाली, ती घरी आली, तारा लावायला बसली. पहिली तार ताणली. संपलं.

ती तशीच बसून राहिली. तिला वाटलं आता आई म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? वहिनी म्हणेल, छत्री खोडते बाई. तिला हेही वाटलं, की आपण खूप वाईट वाचलं, आणि त्याच वेळी, की कुणी काही म्हटलं तरी आता त्यानं काही फरक पडणार नाही. म्हणजे पडेल. रडू येईल. पण हे असंच राहणार.

दार बाहेरून उघडलं. आत्या होती. मागे आई नाक पुसत होती आणि रागानं वहिनीला म्हणत होती, “मी रडत नाहीये, रजईचा कापूस गेला,” आणि वहिनी मान हलवत होती.

“समुद्राचं वाक्य गाळलंस,” आत्या म्हणाली.

“तोंडात येईना. खोटं वाटलं.”

“खोटंच आहे. मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच वाटलं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मी वाचलं असतं तर खरं वाटलं असतं ग. माझ्या तोंडून काहीही खरं वाटतं.” आत्यानं तिच्या केसांत अडकलेला कापूस काढला, फुंकर मारून उडवला. “तोच तर सगळा घोटाळा झाला इतकी वर्षं.”

धाकटीनं मांडीवरची पानं सारखी केली.

“मला शेवट आवडला नाही,” आत्या म्हणाली. “अजूनही नाही आवडला. पण तुझ्यानंतर पुढचं वाक्य मला सुचलं नाही. मी बाहेर उभी राहून शोधत होते. नाहीये.”

“नाहीये ना?”

“नाही.” मग ती एकदम धक्क्यावरच्यासारखी ताठ झाली, चष्मा नाकावर ओढला. “पण ‘बोट निघाली’वर काय घाई केलीस! कुणी ढकलत होतं का मागून? बोट निघाली की लगेच नाहीशी होत नाही, कितीतरी वेळ दिसत राहते. मी बघितल्यात. माणसं तोपर्यंत हलत नाहीत. तेवढं थांबायचं. परत घे.”

“सगळं?”

“तेवढं पान. पाठ सरळ.”

दादानं बटण दाबलं. आत्यानं वरच्या रजईचा लोंबणारा कोपरा आत खोचला आणि बाहेर उभी राहून दार लोटलं. पुन्हा दिव्याचा तेवढाच पिवळा गोल उरला.

धाकटीनं पाठ सरळ केली.

“बोट निघाली,” ती म्हणाली, आणि बोट पार दिसेनाशी होईपर्यंत थांबली.